गिरीपुंजे सरांचा टक्का

गिरीपुंजे सरांची चूक होत नसे. निदान आमच्या दवाखान्यात सगळे तसंच धरून चालत. भंडाऱ्यातला हा दवाखाना एका ट्रस्टचा. त्यातला मुलांचा विभाग सरांचा, आणि मी त्यांच्या हाताखालची डॉक्टर. मी रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मेट्रननं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "म्याडम, सरांसंग वाद घालाचा असंल तं घाला. पण आधी पुस्तक पाहून घ्या. त्यायनं पाह्यलेलं रायते."

आणि त्यांनी खरंच पाहिलेलं असे. सर बुटके, अंगानं भरलेले, चालणं मात्र इतकं तुरुतुरु की राउंडला त्यांच्या मागून जाताना माझ्यासारख्या उंच बाईला धाप लागे. सकाळी ओपीडीत आले की ते आधी खुर्चीवर बसत नसत. टेबलाच्या खणातून दोन किलोचं लोखंडी माप काढत आणि तान्ह्या मुलांच्या वजनकाट्यावर ठेवत. हे माप आंधळगावच्या त्यांच्या वडिलांच्या किराणा दुकानातलं. काटा बरोबर दोनवर थांबला की समाधानानं मान हलवत. नाही थांबला तर समोर जो कोणी असेल त्याच्यावर उखडत. एकदा नवीन इलेक्ट्रॉनिक काटा आला. आणून देणारा माणूस मोठ्या तोऱ्यात म्हणाला की हा कधी चुकतच नाही. सरांनी त्यावरही माप ठेवलं. थोडा फरक निघाला. "सर, तुमचं माप झिजलं असेल," तो माणूस म्हणाला. त्यानंतर त्या माणसाला आमच्या दवाखान्यात कोणी पाहिलं नाही. माप झिजलेलं असणं अगदी शक्य होतं, पण ते म्हणायची माझी छाती नव्हती.

सरांच्या तोंडी एक शब्द कायम असे, टक्का. ताप, खोकला, गोवर, काहीही घेऊन मूल आलं आणि ते शाळेत जाणारं असलं, की नाडी पाहायच्या आधी प्रश्न ठरलेला. "किती टक्के पडले बे?" पोरगं आधीच आजारी, त्यात हा प्रश्न. काही मुलं दारातूनच परत फिरत. ऐंशीच्या वर कोणी सांगितलं तर सर त्याच्या पाठीवर थाप मारत. पन्नासच्या खाली असलं तर त्याच्या बापाकडे असे पाहत की बापाला वाटावं, ताप आपल्यामुळेच आला.

यात नुसता तऱ्हेवाईकपणा नव्हता. सर शिकले ते निव्वळ मार्कांवर. घरात पुस्तक नाही, ओळखीचा माणूस नाही, नागपूरला राहायला जागा नाही. बारावीच्या निकालाचा आकडा तेवढा होता आणि त्या आकड्यानं त्यांना आंधळगावच्या दुकानातून उचलून मेडिकल कॉलेजात नेऊन ठेवलं. "टक्क्याले जात नाही, बाप नाही, मामा नाही," ते मला सांगत. "टक्का कोणाचा फोन उचलत नाही."

फोन सरही उचलत नसत. आमच्याकडे मुलांच्या विभागात निवासी डॉक्टरची एकच जागा, वर्षाची. मोठ्या कॉलेजातल्या रेसिडेन्सीसारखं तिचं नाव होत नाही, पण पुढं मुलांचा डॉक्टर व्हायचं असेल तर वर्षभर वॉर्डात हात तयार होतो. त्यामुळे दर वर्षी उमेदवार येत आणि उमेदवारांच्या आधी त्यांचे फोन येत. एका वर्षी खुद्द ट्रस्टच्या सचिवांनी स्वतःच्या साडूच्या मुलाचं नाव सुचवलं. सर म्हणाले, "साडू किती टक्क्याचे आहेत ते नोका सांगू. पोट्ट्याचे सांगा." पोट्ट्याचे सांगण्यासारखे नव्हते. सचिव नंतर कितीतरी दिवस सरांशी फक्त लेखी बोलत.

निवड झाली की सर उमेदवारांना एकत्र बसवून सगळ्यांच्या तोंडावर आकडे वाचून दाखवत आणि शेवटी विचारत, "काही शंका?" कोणालाच कधी शंका नसे. मला हे फार आवडायचं. भंडाऱ्यात कुठंतरी एक खोली आहे जिथं सगळं उघड चालतं, आणि मी तिथं बसते, याचा मला गर्व होता.

आता ओपीडीतल्या एका भिंतीबद्दल सांगायला हवं. मुलांच्या वजनाचा तक्ता असतो ना, त्यावर वयाप्रमाणे चढत जाणाऱ्या रेघा असतात. कागदावरचे तक्ते बाया हरवून टाकतात म्हणून सरांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावून तो ओपीडीच्या भिंतीवर पुरुषभर उंच रंगवून घेतला होता. तिसरी रेघ लाल, मधली पन्नासावी हिरवी. पेंटरनं उत्साहाच्या भरात कोपऱ्यात दोन पोपटही काढले होते, ते सरांनी राहू दिले. प्रत्येक आईला त्या भिंतीपाशी उभं करून सर समजावत. "हे पाय माय. तुह्या पोराच्या वयाची शंभर पोरं शाळेच्या पटांगणात ओळीनं उभी केली. सगळ्यात हलकं इकडं, सगळ्यात भारी तिकडं. तं तुहं पोट्टं पंधराव्या नंबरवर उभं आहे. समजलं?"

"म्हणजे पंधरा टक्के पडले का त्याले?" आई घाबरून विचारी.

"टक्के नाही वं! टक्के म्हणजे शंभरातले किती मिळवले. हे म्हणजे शंभरात कुठं उभा आहे. दोन्ही येगळे. पंधराव्यावर आहे अन् पंधराव्यावर चालून राहिलं, मंग कायची काळजी? बाजूवालीच्या लेकराकडं पाहाचं नाही."

दिवसातून वीसदा तरी हे चाले. सर थकत नसत. पर्सेंटाईल म्हणजे काय हे भंडारा जिल्ह्यात जेवढ्या बायांना ठाऊक असेल, तेवढं दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात नसेल. पुढं जे झालं ते म्हणूनच इतकं लाजिरवाणं झालं.

त्या वर्षी शेवटी दोन उमेदवार उरले. एक चेतन, इथल्याच एका कॉलेजातून शिकलेला, सालस मुलगा. दुसरी रोशनी गभने, करडी गावची. तिनं किरगिझस्तानात शिक्षण घेतलं होतं. बाहेरून शिकून आलेल्यांना इथं डॉक्टरकी करायची तर परवान्याची वेगळी परीक्षा द्यावी लागते. रोशनी ती पास होती. पण अशा मुलांना आमच्याकडे कोणी पेशंटजवळ उभं करत नाही. खासगी दवाखाने त्यांना रात्रपाळीला ठेवतात, सलाईन बदलायला आणि सह्या करायला. मुलांची डॉक्टर व्हायचं म्हणून आलेल्या रोशनीला वॉर्डात शिरायला ही एकच जागा होती, हे तिनं स्वतःच सांगितलं. विनवणीच्या सुरात सांगितलं नाही, नुसतं सांगितलं.

दोघांना वॉर्डात एकेक मूल तपासायला दिलं. रोशनीनं आधी मुलाला आईच्या मांडीवर परत दिलं, ते रडायचं थांबेपर्यंत थांबली आणि मग छातीला स्टेथोस्कोप लावला. मला ती जरा सरस वाटली. सरांनी दोघांना सारखेच गुण दिले आणि म्हणाले, "आता टक्का पाहू."

चेतनचा आकडा पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा होता, अठ्ठावन्न. रोशनीला परवान्याच्या परीक्षेत तीनशेपैकी एकशे एकाहत्तर. सरांनी मनातल्या मनात भागाकार केला. तोंडी हिशेबाचा त्यांना भारी अभिमान. "सत्तावन्न! एकानं का होईना, टक्का तो टक्का."

मी तिथंच बसले होते. अठ्ठावन्न सत्तावन्नाहून मोठे असतात, एवढं गणित मलाही येत होतं.

सरांनी दोघांना आत बोलावून आकडे वाचून दाखवले. अठ्ठावन्न टक्के, सत्तावन्न टक्के, जागा चेतनची. "काही शंका?"

रोशनीनं सरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग म्हणाली, "नाही सर," आणि आपली फाईल उचलून गेली.

सचिव साहेब खूश होते. "बरं झालं. रशियावालीची झंझट नाही लागली." त्यांच्या लेखी भारताबाहेरचे सगळे देश रशियाच.

"रशियाचा काय संबंध?" सर म्हणाले. "टक्क्यानं गेली ते."

चेतन कामाला लागला. चांगला होता, मन लावून करायचा. रोवणीचे, धानाची रोपं लावायचे दिवस आले. या दिवसांत आमची ओपीडी निम्मी असते, बाया धानाच्या बांध्यांमध्ये असतात आणि लेकरू फारच आजारी असल्याशिवाय येत नाहीत. त्यातही एक बाई आली, सरांच्याच आंधळगावची. काखेत चांगलं गुटगुटीत पोर. आजारी वगैरे काही नाही, फक्त एक वाद सोडवून घ्यायचा होता.

"डाक्टर, तुमी मांगच्या बारीले माह्या लेकराले पंचवीस सांगतले होते ना?"

"हाव. पंचवीसाव्या रेघेवर आहे."

"अन् माह्या जावेच्या लेकराले दाईनं तोललं तं सात भरलं. सात किलो. मंग माह्यावाल्याचे पंचवीस अन् तिच्यावाल्याचे सात. माह्यावालं भारी ना? ते मानूनच नाही राहिली!"

ओपीडीत हशा पिकला. नर्स हसली, चेतन हसला, मी हसले. सर तर टेबलावर हात आपटून हसले. उठून भिंतीपाशी गेले, पंचवीसाव्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अवं माय, तिच्या लेकराचं वजन अन् तुह्या लेकराची रेघ! एकीचं वजन अन् दुसरीची रेघ एकमेकीले लावून पाहाचे नसते वं, ते दोन्ही..."

तिथं थांबले. बोट तसंच रेघेवर. मला वाटलं चक्कर आली. मी उठले.

"म्याडम," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "चेतनचे ते अठ्ठावन्न काय होते?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं. प्रवेश परीक्षेचा तो आकडा पर्सेंटाईलचा होता. अठ्ठावन्न टक्के गुण त्याला मिळालेच नव्हते, परीक्षा देणारे शंभर धरले तर त्यांच्या रांगेत तो खालून अठ्ठावन्नाव्या जागी उभा होता. आणि रोशनीचे सत्तावन्न होते ते पेपरात मिळवलेले नुसते गुण. ती रांगेत कुठं उभी होती हे कोणी विचारलंच नव्हतं. दोन परीक्षाही वेगळ्या. आम्ही एकीचं वजन आणि दुसऱ्याची रेघ शेजारी शेजारी ठेवून मोठं कोण ते ठरवलं होतं.

"पर्सेंटाईल," मी म्हणाले.

"अन् पोरीचे?"

"टक्के."

आंधळगावची बाई अजून उभीच होती. "मंग माह्यावालंच भारी ना, डाक्टर?" तिनं विचारलं. सर बाहेर गेले आणि पाण्याच्या टाकीपाशी बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

दुपारी ते सचिवांकडे गेले, मला घेऊन. दुसरी जागा काढा म्हणाले. सचिव म्हणाले, जागा ट्रस्टच्या घटनेप्रमाणे एकच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "जाऊ द्या ना डॉक्टर. कोणाले समजलं? मलेच अजून नीट नाही समजलं."

"तिले समजलं असंल तं?" सर म्हणाले.

मग त्यांनी चेतनला बोलावून सांगितलं. "सर, मी सोडू का?"

"तू कायले सोडतं? तुह्यी काय चूक? तू जिथं उभा होता तिथं उभा होता. मोजणारा मी." चेतन राहिला, पण पुढं कितीतरी दिवस वॉर्डात तो मान वर करून बोलेना. चूक कोणाची आणि मान कोणाची खाली, हे पाहून सर आणखी खचले.

त्या आठवड्यात ते मला म्हणाले, "करडीले चालता का? माही स्कूटर चिखलात चालत नाही." स्कूटर चालली असती. त्यांना एकट्यानं जायचं नव्हतं.

गभन्यांच्या घरी कोणी नव्हतं. शेजारणीनं बांध्यांकडे हात दाखवला. बारीक पाऊस होता. शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून आम्ही गेलो तर पंधरा-वीस बाया कमरेत वाकून रोवणी करत होत्या आणि त्या ओळीत डोक्याला रुमाल बांधलेली रोशनी होती. आम्हाला पाहून ती सरळ उभी राहिली. हातात धानाच्या रोपांची जुडी तशीच.

"सर? तुमी?"

"तिकडं जरा झाडाखाली येतं का? बोलाचं होतं."

तिनं बायांकडे पाहिलं. "इथंच बोला ना सर. या सगळ्या माह्याच आहेत."

सर धुऱ्यावर छत्री घेऊन उभे, ती गुडघाभर चिखलात, आणि सगळ्या बाया आता उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांतल्या निम्म्यांनी तरी आपली पोरं सरांच्या टेबलावर ठेवलेली. सरांनी छत्री मिटली. का ते मला कळलं नाही, पण मिटली.

"माह्यी चूक झाली," ते म्हणाले. "चेतनचा आकडा पर्सेंटाईलचा होता. तुहा टक्क्याचा. मी दोन्ही टक्केच समजून लावून पाहिले. माह्या ध्यानातच नाही आलं."

रोशनीनं हातातली जुडी खाली चिखलात ठेवली.

"मले त्याच दिवशी समजलं होतं सर."

"मंग बोलली काहून नाही? मी विचारलं होतं, काही शंका म्हणून."

"मले वाटलं तुमाले माहीत आहे."

"माहीत असून मी असं..."

"सर, मी लहान होती तवा माह्या मायले तुमीच त्या भिंतीपाशी उभं करून समजावलं होतं. ते पोपट अजून ध्यानात आहेत मले. पर्सेंटाईल तुमाले नाही समजत, असं मी कसं मानू?" ती शांतपणे बोलत होती, त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मले वाटलं, बाहेरून शिकलेली यायले नको आहे. बाकीचे तोंडावर सांगतेत. तुमी गणितात सांगतलं."

पाऊस सरांच्या टकलावरून चष्म्यावर उतरत होता आणि ते तो पुसत नव्हते. ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "डाक्टर, छत्री उघडा वो. आंग भिजून राहिलं तुमचं." ती मायेनंच बोलली. मी खाली चिखलाकडे पाहत राहिले, कारण सरांकडे पाहणं मला शक्य नव्हतं.

"पुढच्या साली जागा निघंल," सर शेवटी म्हणाले. "तू अर्ज कर."

"तुमी निवडीच्या खुर्चीवर असान का?"

"म्हणजे?"

"तुमी असान तं मी नाही येत सर. तुमी घेतलं तं लोकं म्हणतीन, भरपाई केली. अन् नाही घेतलं तं मीच म्हणीन, पुन्हा तेच केलं."

सरांनी मान हलवली. "नाही बसत मी."

"मंग येतो," ती म्हणाली. आणि वाकून पुन्हा रोवायला लागली. बाकीच्या बायाही वाकल्या.

परतताना गाडी मी चालवत होते. भंडारा दिसायला लागलं तेव्हा सर म्हणाले, "म्याडम, ते पोरगी खरं तं नाही ना म्हणून राहिली?"

"छे सर. चूकच होती ती."

"तुमाले कसं माहीत?" त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "रोज वीसदा समजावतो मी ते. त्याच दिवशी कसा विसरलो? पोट्टी आपल्या नागपूरच्या कॉलेजातली असती तं विसरलो असतो का? मलेच माहीत नाही अन् तुमाले माहीत आहे!"

साधी चूक असती तर सरांनी ती पचवली असती. ती चूक त्यांच्या हातून का झाली, हे त्यांना कधी कळलं नाही, आणि तेच त्यांना लाजवत राहिलं. खरं सांगायचं तर मलाही. सचिव 'रशियावाली' म्हणाले तेव्हा मला हसू आलं होतं की नव्हतं, हे मी कितीही आठवलं तरी आठवत नाही.

सर बदलले. 'किती टक्के' विचारणं एकदम बंद झालं. एकदा एक मुलगा चांगला नव्वदच्या वरचा निकाल घेऊन मुद्दाम शाबासकी घ्यायला आला, कारण गेल्या वर्षी कमी पडले म्हणून सरांनी त्याला झापलं होतं. सरांनी निकाल पाहिलाच नाही. "सायकल येते का बे तुले?" विचारलं. पोरगं बिचारं गोंधळून गेलं. त्याच्या बापानं बाहेर मला विचारलं, "सरांची तब्येत बरी आहे ना?"

दुसरं म्हणजे, ते ही हकीकत भेटेल त्याला सांगू लागले. औषध कंपन्यांच्या पोरांना, शिकायला येणाऱ्या नर्सांना, मेट्रनला तर तीनदा. सचिवांना वाटे, दवाखान्याची बदनामी होते. त्यांची भीती फुकट होती. त्या हिवाळ्यात गावातल्या एका शिक्षक मंडळानं सरांचा सत्कार ठेवला. गुणवत्तेची कदर करणारा, वशिल्याला थारा न देणारा डॉक्टर, असं काहीसं पत्रिकेत होतं. सरांनी नाही म्हणायला हवं होतं. पण ते गेले, शाल घेतली, माईकसमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. आपण वजन आणि रेघ यांची गल्लत कशी केली, एका पोरीचं वर्ष कसं घालवलं, आणि तिला काय वाटलं. तिचं नाव तेवढं घेतलं नाही.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालक भरल्या गळ्यानं म्हणाला, एवढा मोठा माणूस आणि एवढी नम्रता! लोक उठून उभे राहिले. सर पायऱ्या उतरून माझ्यापाशी आले, शाल माझ्या हातात कोंबली. चेहरा लाल झाला होता.

"टाळ्या वाजवल्या वं त्यायनं," ते म्हणाले. "टाळ्या!"

त्यानंतर त्यांनी ती हकीकत कोणाला सांगितल्याचं माझ्या कानावर नाही.

वर्ष उलटलं, जागा पुन्हा निघाली. सरांची निवृत्ती तोंडावर आली होती. सचिवांनी आग्रह केला, शेवटचीच वेळ आहे, बसा. सरांनी लिहून कळवलं की बसणार नाही, आणि आपल्या जागी माझं नाव दिलं. कोणाला घ्या, कसं घ्या, एक अक्षर सांगितलं नाही. मी विचारायला गेले तर काट्यावरचं माप पाहत राहिले आणि म्हणाले, "मले विचारू नोका."

त्या वर्षी मी आकडे पाकिटातच ठेवले. परवाना आहे ना, मग पुरे. प्रत्येकाला दोन-दोन दिवस वॉर्डात ठेवलं, मेट्रनला आणि नर्सांना विचारलं, आयांना विचारलं. मुलाखत तेवढी उरली होती. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको म्हणून सांगून टाकते, रोशनीची निवड झाली. निवड करणाऱ्या आम्हा तिघांचंही एकमत होतं, आणि त्या तिघांत साडूवाले सचिवही होते. आज ती आमच्या वॉर्डात आहे.

पण सर म्हटलं की मला दिसतात ते त्या मुलाखतीच्या सकाळचे. ते येणार नाहीत असंच आम्ही समजत होतो. त्या दिवशी त्यांना सुटी होती. मी पहिलं नाव पुकारायला दार उघडलं तर बाहेरच्या लांब बाकावर उमेदवारांच्या आईबापांच्या रांगेत सर बसलेले. इस्त्रीचा सदरा, गुडघ्यांवर दोन्ही हात. आतापर्यंत त्या बाकावर बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. समोर रोशनी उभी होती. दोघांची नजरानजर झाली की नाही, मला दिसलं नाही.

मी तिचं नाव घेतलं. ती आत निघाली तसे सर उठून उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून आणखी दोन-तीन बापही उभे राहिले, तसा नियम असावा असं वाटून. ती आत गेली. सगळे परत बसले. मी दार लोटून घेणार तेवढ्यात सरांच्या शेजारची बाई, एका उमेदवाराची आई असावी, पिशवी मांडीवर सावरत त्यांना विचारताना ऐकू आलं, "हे आत गेली ते तुमची पोरगी का वो?"

"नाही."

"मंग? पास होईन ना पण ते?"

सर दाराकडेच पाहत होते. "ते मांगच्याच साली झाली होती, बाई," ते म्हणाले. "मलेच मोजता नाही आलं."